आभाळ निरभ्र असतानाच ठरवायच्या गोष्टी

पत्र: आम्ही दोन वर्षांपूर्वी ओहायोहून फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहायला आलो. घर समुद्रापासून सहा मैल आत आहे, पण मागून एक ओढा वाहतो आणि तो पुढे खाडीला मिळतो. आमचा इव्हॅक्युएशन झोन (काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या प्रशासनानं, घरं रिकामी करायला सांगण्यासाठी पाडलेला भाग) 'बी' आहे. पहिल्याच वर्षी एक हरिकेन जवळून गेलं. आम्ही रात्रभर टीव्हीसमोर बसून होतो, नशिबानं काही झालं नाही. त्यावरून मिस्टर म्हणतात, घर 2006 सालचं, भक्कम आहे, कॅटेगरी तीनपर्यंत जागचं हलायची गरज नाही. मला मात्र झोप लागत नाही. यंदा सासूबाई भारतातून आल्या आहेत, त्या इन्सुलिनवर आहेत. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिची मांजर आहे. तयारीच्या याद्या वाचून डोकं गरगरतं. नेमकं काय करू आणि ह्यांना कसं समजावू?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं 'नशिबानं काही झालं नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. वादळ थोडक्यात हुकलं की एकाच घरात दोन मतं तयार होतात. एकाला वाटतं, आपण वाचलो. दुसऱ्याला वाटतं, आपलं घर कसोटीला उतरलं. तुमच्या घरी नेमकं हेच झालंय. त्या रात्री वादळ दुसरीकडे गेलं, त्यामुळे तुमच्या घराची कसोटी अजून लागलेलीच नाही.

याद्या जरा बाजूला ठेवा. पाण्याच्या बाटल्या आणि बॅटऱ्या आणायला एक दुपार पुरते. निघायचं की थांबायचं, निघायचं तर कधी आणि कुठे, हे ठरवायला मात्र वेळ लागतो, आणि वारा सुटल्यावर ते शांतपणे ठरत नाही. म्हणून तुम्हा दोघांना आधी हे बोलून घ्यावं लागेल.

मिस्टरांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, बोलायला तिथूनच सुरुवात करा. 1992 साली अँड्र्यू वादळानं दक्षिण फ्लोरिडात घरांचे नुसते सांगाडे ठेवले. त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले आणि 2002 पासून संपूर्ण राज्याला एकच कोड लागू झाला. त्यामुळे 2006 चं घर वाऱ्यासमोर जुन्या घरांपेक्षा नक्कीच चांगलं उभं राहील. पण ते ज्या कॅटेगरीचा दाखला देतात, तो आकडा फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. ताशी 74 मैलांना कॅटेगरी एक, 111 ला तीन, 157 ला पाच. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, वादळ किती रुंद आहे, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं.

2008 सालचं आइक टेक्ससच्या गॅल्व्हस्टनला धडकलं तेव्हा कॅटेगरी दोनचं होतं. शेजारच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर समुद्र पंधरा ते वीस फूट चढला आणि गल्लीच्या गल्ल्या धुऊन निघाल्या. 2005 चं कट्रीना किनाऱ्याला लागताना तीनवर उतरलं होतं, तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर सुमारे 28 फुटांचं उधाण, म्हणजे वाऱ्यानं किनाऱ्यावर लोटलेलं समुद्राचं पाणी, आलं. अटलांटिकच्या वादळांनी 1963 ते 2012 या पन्नास वर्षांत अमेरिकेत जे थेट बळी घेतले, त्यातले दहापैकी जवळजवळ नऊ पाण्यानं गेले. त्यातलेही निम्म्याच्या आसपास समुद्राच्या उधाणानं. 'झोन बी' ही अक्षरं या पाण्याकडे बघून ठरवली आहेत, वाऱ्याकडे नाही. उधाण खाडीतून ओढ्यात शिरतं आणि ओढा उलटा वाहायला लागतो. सहा मैलांचं अंतर त्याला काही फार नाही.

दुसरा गैरसमज टीव्हीवर वादळाच्या अंदाजाच्या नकाशात दिसणाऱ्या त्या पांढऱ्या शंकूचा. तो वादळाचा केंद्रबिंदू कुठे असू शकतो एवढंच दाखवतो, आणि केंद्र त्या शंकूच्या आत राहतं तेही साधारण तीनातल्या दोन वेळा. वादळाचा पसारा शंकूच्या बाहेर कितीतरी पसरलेला असू शकतो. सप्टेंबर 2022 मध्ये इयन येत होतं तेव्हा मधली रेघ बरेच दिवस टँपाकडे रोखलेली होती. फोर्ट मायर्स शंकूच्या कडेला होतं. 28 तारखेला ते दक्षिणेला कायो कोस्टा बेटावर चढलं आणि फोर्ट मायर्स बीचवर दहा ते पंधरा फूट पाणी आलं. टँपाच्या उपसागरातलं पाणी त्याच वादळात उलट ओसरून गेलं होतं. रेघ आपल्यावरून जात नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका, एवढंच मला यातून सांगायचंय.

आता तुमचा नियम. एका कागदावर दोघांच्या अक्षरात लिहा आणि फ्रिजवर लावा: 'काउंटीनं झोन बी रिकामा करायला सांगितला की आम्ही निघणार.' कॅटेगरीचा उल्लेखही नको. तुमच्या घरात इन्सुलिनवरच्या सासूबाई आहेत, म्हणून मी आणखी एक ओळ घालीन: 'हरिकेन वॉच लागला की सासूबाई, मुलगी आणि मी आधी निघणार.' वॉच म्हणजे वादळी वारे यायच्या साधारण 48 तास आधीचा इशारा, वॉर्निंग म्हणजे 36 तास आधीचा. वारे ताशी चाळीस मैलांच्या आसपास गेले की बहुतेक ठिकाणी 911 च्या (आणीबाणीच्या मदतीच्या) गाड्यासुद्धा रस्त्यावर येत नाहीत. वॉर्निंगची वाट बघितली तर तुम्ही रस्त्यावर सगळ्या गावाबरोबर असाल. मिस्टरांना खिडक्यांची शटर (वाऱ्यापासून काचा वाचवणारी झाकणं) लावायला एक दिवस मागे राहायचं असेल तर राहू द्यात, पण त्यांच्या निघण्याची वेळही त्याच कागदावर लिहा.

जायचं कुठे? इथे लोक उगाच जॉर्जियाच्या पुढेपर्यंत गाड्या हाकतात. 2005 मध्ये रीटाच्या वेळी ह्यूस्टनहून लाखो लोक एकदम निघाले, गाड्या तासन्‌तास उन्हात जागच्या हलल्या नाहीत, आणि त्या वादळाशी जोडलेले बहुतेक मृत्यू या पळापळीत झाले. तुम्हाला पाण्यापासून दूर जायचंय. त्यासाठी शेकडो मैल लागत नाहीत, वीस-तीस मैल आत, कुठल्याच झोनमध्ये नसलेलं पक्कं घर पुरतं. असं ओळखीचं कोण आहे, ते आज रात्री आठवा आणि उद्या सकाळी फोन करा. 'वादळ आलं तर आम्ही पाच जीव, त्यात एक मांजर, तुमच्याकडे दोन रात्री येऊ का?' असं सरळ विचारा. लोक हो म्हणतात. त्यांचाही झोन काउंटीच्या नकाशावर तपासा, आणि घर नदीच्या काठी नाही ना तेही बघा. 2024 च्या हेलीननं समुद्रापासून शेकडो मैल आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, ॲशव्हिलच्या नद्यांना काय पूर आणला ते सगळ्यांनी पाहिलं. एक दुसरं ठिकाणही हाताशी ठेवा, वेगळ्या दिशेला.

विम्याचं काम याच आठवड्यात उरका, कारण त्याला मुदत आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेचा घेतलात तर तो बहुधा तीस दिवसांनी लागू होतो. मोसम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत असला तरी ऐन जोर 10 सप्टेंबरच्या आसपास असतो. आत्ता जुलै आहे, आज अर्ज केलात तर वेळेत बसताय. त्या योजनेत इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख मिळतात, आणि सामानाचा भाग वेगळा मागून घ्यावा लागतो. घराच्या पॉलिसीत 'हरिकेन डिडक्टिबल' ही ओळही शोधा. ती बरेचदा टक्क्यांत असते. चार लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमच्या खिशातून. हा आकडा बघून मिस्टरांशी बोलणं सोपं होईल असं मला वाटतं.

एका रविवारी घरातल्या सगळ्यांना घेऊन शटर लावून बघा. तुमच्या घराला पत्र्याची पॅनेल असतील तर ती गॅरेजच्या भिंतीला टेकवलेली असतील आणि नट कुठल्यातरी डब्यात. मी माझ्या पहिल्या मोसमात हे काम शेवटच्या संध्याकाळपर्यंत ठेवलं होतं. पॅनेल सगळी सारखी दिसतात, पण बेडरूमचं पॅनेल स्वयंपाकघराच्या पट्टीत दोन बोटं कमी पडतं. एकाही पॅनेलवर नंबर नव्हता. खाऱ्या हवेनं निम्मे बोल्ट गंजून बसले होते, पत्र्याच्या कडेनं तळहात कापला, आणि अंधार पडला तेव्हा दोन मोठ्या खिडक्या तशाच उघड्या होत्या. त्या रात्री त्या काचांचा थरथरता आवाज ऐकत मी मुलांना घेऊन आतल्या बोळात बसले होते. म्हणून सांगते, प्रत्येक पॅनेलवर जाड मार्करनं 'पूर्व बेडरूम, डावीकडून 2' असं लिहा. बोल्टना तेल द्या. चामडी हातमोजे त्याच डब्यात टाका. एका खिडकीला किती मिनिटं लागली ते घड्याळावर बघा आणि खिडक्यांनी गुणा, म्हणजे किती तास आधी सुरू करायचं ते कळेल. पॅनेल नसतील तर आत्ताच प्लायवूड कापून, भोकं पाडून, नंबर घालून ठेवा. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काही उपयोग होत नाही, काच फुटायची ती फुटतेच. वादळात खिडकी किलकिली ठेवावी असं कोणी सांगितलं तर तेही ऐकू नका. आतली सगळी दारं मात्र लावून घ्या, त्यानं छपरावरचा दाब कमी होतो. गॅरेजचं दार हा घराचा सर्वांत कच्चा दुवा. ते आत दबलं की वारा छताला खालून उचलतो. ते वाऱ्यासाठी मजबूत केलेलं आहे का, हे त्यावरच्या लेबलवर दिसतं.

आता घरातल्या साठ्याबद्दल. पाणी माणशी रोज एक गॅलन, किमान तीन दिवसांचं, आणि जागा असेल तर दोन आठवड्यांचं. बाथटब भरून ठेवा, ते पाणी संडासात ओतायला. मोठ्या वादळानंतर नळाचं पाणी उकळून प्यायच्या सूचना येतात. उकळायची सोय नसेल तर बिनवासाच्या साध्या ब्लीचचे (सहा टक्क्यांचं असेल तर) गॅलनला आठ थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. खाण्याचं म्हणाल तर न शिजवता खाता येईल असं, आणि डबे उघडायला हातानं चालवायचा ओपनर. रोख पैसे, सुट्या नोटांत. मेणबत्त्या आणू नका, टॉर्च आणा.

वीज जाणार हे धरूनच चाला. 2024 च्या जुलैत बेरिल ह्यूस्टनवरून गेलं ते कॅटेगरी एकचं वादळ होतं. वीस लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात गेली आणि कित्येकांना ऐन उन्हाळ्यात आठवडाभर एसीशिवाय काढावा लागला. सासूबाईंसाठी मला वाऱ्याइतकीच या दिवसांची काळजी वाटते. 2017 मध्ये इर्मानंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमात एसी बंद पडला आणि बारा जण उष्म्यानं दगावले. वारा थांबून तेव्हा दिवस लोटले होते. तुम्ही परत आल्यावर घरी वीज नसेल तर सासूबाईंना घरी आणू नका. वीज येईपर्यंत त्या आतल्या गावातच राहू द्यात.

त्यांचं इन्सुलिन 15 ते 30 अंश सेल्सिअसमध्ये फ्रिजबाहेर 28 दिवसांपर्यंत वापरता येतं. पण फ्लोरिडात बंद घर सप्टेंबरच्या दुपारी तिसाच्या वर सहज जातं. ओल्या कपड्याच्या तत्त्वावर गार राहणाऱ्या पिशव्या मिळतात, त्यातली एक आजच मागवा. बर्फात थेट ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. आणि महत्त्वाचं: त्या औषधं भारतातून मोजून घेऊन आल्या असतील. फ्लोरिडात आणीबाणी जाहीर झाली किंवा हरिकेन वॉर्निंग लागली की फार्मसीला वेळेआधी तीस दिवसांचं औषध देता येतं, पण त्यासाठी इथलं प्रिस्क्रिप्शन आधीपासून हवं. म्हणून या महिन्यातच त्यांना इथल्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. औषधांची नावं, मात्रा आणि आजार इंग्रजीत लिहिलेला कागद त्यांच्या पर्समध्ये राहू दे. काउंटीकडे खास वैद्यकीय गरजा असलेल्यांसाठी वेगळ्या निवाऱ्याची नोंदणी असते, तीही वादळाआधी करावी लागते. तिथे जावं लागेल असं नाही, पण नाव नोंदवायला हरकत काय?

फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतलं चार तास टिकतं, भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24. निघण्यापूर्वी पेल्यात पाणी गोठवून वर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय असं समजा आणि ते खाऊ नका.

जनरेटर घेणार असाल तर घरापासून किमान वीस फूट दूर, धूर घराच्या उलट दिशेला. गॅरेजात, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. ओसरीत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. 2020 मध्ये लॉरा वादळानंतर लुईझियानात अनेक जण असे गेले, वादळातून वाचलेले, घर उभं असलेले लोक. भिंतीच्या सॉकेटमध्ये जनरेटरची वायर खुपसून अख्खं घर चालवायचा प्रयत्न करू नका, त्यानं बाहेर तारा जोडणाऱ्या माणसाचा जीव जातो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वस्त असतो, एक झोपायच्या खोलीजवळ लावा.

कागदपत्रांत तुमच्यासारख्या घरांना एक जास्तीची काळजी असते. सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसा, आय-94 आणि आय-797 हे इमिग्रेशनचे कागद, ग्रीन कार्ड असेल तर तेही, जन्मदाखले आणि विम्याच्या पॉलिसी एका पाणबंद पिशवीत घाला आणि ती पिशवी तुमच्या अंगावर राहू दे. सासूबाईंचा पासपोर्ट त्यांच्या बॅगेत ठेवू नका, बॅग गाडीतच राहते. सगळ्याचे फोटो भारतातल्या नातेवाइकालाही पाठवून ठेवा. मग फोन घेऊन घरभर फिरा, कपाटं उघडून, टीव्हीच्या मागचा नंबर दिसेल असा व्हिडिओ करा. नुकसानभरपाई मागताना तो कामी येतो. गाडीची टाकी मोसमभर अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. गाडी विजेवरची असेल तर उंचावर नेऊन लावा. खारं पाणी शिरलेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेऊ शकतात, इयननंतर फ्लोरिडात तशा आगी लागल्या.

ऐनवेळी अडकलात आणि निघताच आलं नाही, तर एवढं लक्षात असू दे. पाणी दारातून लोंढ्यासारखं येईल अशी आपली कल्पना असते. बरेचदा तसं होत नाही. आधी संडासात गुडगुड होते, शॉवरच्या जाळीतून बुडबुडे येतात. मग रात्री उठल्यावर पायाखाली गालिचा चपचपीत लागतो. त्या क्षणी मेन स्विचकडे धावायचं नाही. कोरड्या पायांनी पोचता येत असेल तरच वीज बंद करायची, नाहीतर सगळ्यांना घेऊन उंचावर. खिडकी नसलेल्या पोटमाळ्यात चढू नका, तिथून बाहेर पडता येत नाही. मधेच वारा एकदम थांबला तर तो डोळा असेल, थोड्या वेळानं उलट बाजूनं तितक्याच जोरानं वारा येतो. आणि रस्त्यावरच्या पाण्यात गाडी घालायची नाही. सहा इंच वाहतं पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाणी छोटी गाडी वाहून नेतं.

मिस्टरांना घाबरवून काही होणार नाही, तुम्ही तसं करणारही नाही. काउंटीचा झोनचा नकाशा आणि उधाणाचा नकाशा दोघांनी शेजारी बसून उघडा, घराच्या जागी बोट ठेवा, आणि विचारा, 'इथे पाच फूट पाणी आलं तर आई कुठे चढतील?' मग थांबा. त्यांना उत्तर शोधू द्या. घर भक्कम आहे यावर त्यांचा विश्वास आहे, तर शटरचं काम पूर्ण त्यांच्याकडे द्या. सासूबाईंनाही या बोलण्यात घ्या. ज्यांना न्यायचंय त्यांना आधी सांगितलं नाही तर ऐनवेळी 'मला कुठे हलवता' असं होतं, आणि त्यात दोन तास जातात.

राहिली मांजर. कट्रीनाच्या वेळी कितीतरी लोक पाळीव प्राणी सोडून यायला तयार झाले नाहीत आणि घरातच अडकले. त्यावरून 2006 मध्ये कायदा झाला की आपत्तीच्या योजनांमध्ये पाळीव जनावरांचाही विचार करायचा. पण प्रत्येक निवाऱ्यात प्राणी घेतात असं नाही, कुठे घेतात ते काउंटीच्या यादीत आत्ताच बघून ठेवा. लसीकरणाचा दाखला, एक फोटो, आणि चिप बसवली नसेल तर तीही. हे काम मुलीला द्या. मांजरीचा पिंजरा माळ्यावरून काढून तिच्या खोलीत दार उघडं ठेवून मांडा, आत जुना टॉवेल घाला, रोजचं खाणं तिथेच ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मांजर आपणहून त्यात जाऊन झोपायला लागेल. नाहीतर निघायच्या वेळी ती पलंगाखालच्या शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि मुलगी तिच्याशिवाय गाडीत बसत नाही.